संध्याकाळचं ताट

आमच्या वसतिगृहात सोमवारी संध्याकाळी मुलींना भूक लागत नसे. गुरुवारी आणि शनिवारीही लागत नसे. त्या दिवशी भोजनालयातले निम्मे बाक रिकामे असायचे आणि रेक्टरबाई दाराशी उभ्या राहून कौतुकानं म्हणायच्या, "आमच्या पोरी देवाधर्माच्या आहेत हो." त्या कौतुकाचा मला आजही राग येतो. बाई वाईट होत्या असं नाही. कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायच्या. पण त्यांच्या भाबडेपणाचा भार आमच्या पोटावर पडत होता, आणि ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

ही मराठवाड्यातल्या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांची गोष्ट. शहर तेव्हा औरंगाबादच होतं. अंबडकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसायला लागले होते, आणि इथं गारखेड्याच्या पुढं जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर आला तर आला. इथं ओल्या स्लॅबवर मारायला मात्र रोज टँकर यायचा. माझे आई-बाप शेवटी त्या टँकरच्या मागोमाग शहरात आले. बाप मिस्त्रीच्या हाताखाली लागला, आई घमेली वाहू लागली, आणि राहायला बांधकामावरच पत्र्याची खोली मिळाली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खोलीत एका माणसाची जागा निघाली असती, पण आईनं मला तिथं येऊ दिलं नाही. "हितं सारा दिस ठोकाठोक. तुजा अभ्यास व्हईल का हितं?" एवढंच म्हणाली आणि विषय संपवला.

वसतिगृहाचं जेवण कूपनावर होतं. दुपारचं कूपन वेगळं, संध्याकाळचं वेगळं. कूपन दिलं की ताट मिळायचं. बऱ्या वर्षी मुली दोन्ही वेळची कूपनं महिना लागला की घेऊन टाकत. दुष्काळात घरून काही येईनासं झालं, तशी आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळची कूपनं सुटायला लागली. दुपारचं जेवण सोडता येत नव्हतं, कारण तासाला बसायचं असे, प्रॅक्टिकलला उभं राहायचं असे. संध्याकाळी काय, पाणी प्यायचं आणि चादर ओढून घ्यायची.

पण मग कुणीतरी विचारणारच, जेवायला येत नाहीस का गं? त्यावर मुलींनी सोपं उत्तर शोधलं होतं. आज सोमवार आहे. आज गुरुवार आहे. शनिवार आहे. पैसे नाहीत म्हटलं की मैत्रिणी कीव करणार, उपास आहे म्हटलं की मान देणार. मग कोण कशाला खरं सांगेल? काही मुली मनापासून करणाऱ्याही होत्या, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षी आमच्या वसतिगृहात भक्तीला जो पूर आला होता, तेवढं पाणी जायकवाडीत असतं तर आम्ही सगळ्या सुखानं जेवलो असतो.

माझी पंचाईत वेगळीच होती. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी व्रतं आणि उपास आमच्या घरातून गेले ते गेले. त्यामुळं संध्याकाळी कुणी विचारलं की मला एकच उत्तर देता यायचं, "कूपन नाही." ते मी मोठ्यानं द्यायचे. माझा आवाज मुळातच खणखणीत, त्यात पोट रिकामं. मी असं म्हटलं की शेजारच्या दोघी-तिघी ओशाळून दुसरीकडं बघायच्या. एकीनं तर मला जिन्यात गाठून सांगितलं, "तुझ्यामुळं आमच्याकडंही तशाच नजरेनं बघतात. जरा गप्प बसत जा ना." मी म्हटलं, "मी माझ्या पोटाचं बोलते. तुझ्या पोटाचं तू बोल." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही.

माझ्या खोलीत राहायची ती मुलगी मात्र कधी असं काही म्हणाली नाही. ती वैजापूरकडची, भटजीची मुलगी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती आणि वर्गात पहिली यायची. वडील गावच्या देवळाची पूजा करायचे आणि आसपासच्या गावांतली लग्नं लावायचे. दुष्काळात लग्नं कोण करतो? जी झाली ती सामुदायिक, मांडवभर जोडप्यांना मिळून एकच भटजी. सत्यनारायण तर कुणी घालेनाच. शेतकऱ्याच्या मुलीला लोक निदान "यंदा कठीण आहे गं" असं तरी म्हणायचे. भटजीच्या घरातही दुष्काळ शिरतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. ती स्वतः तर मरेपर्यंत सांगणाऱ्यातली नव्हती.

तीही सोमवार, गुरुवार, शनिवार करायची. पण तिचं एक होतं, त्या दिवशी ती दुपारीही जेवायची नाही. बाकीच्या मुली दुपारी आमटीभात खाऊन संध्याकाळी उपास सांगायच्या, हिला ते जमत नव्हतं. "देवाचं नाव घेऊन खोटं नको," म्हणायची. दिवे लागले की टेबलावरच्या छोट्या तसबिरीपुढं चिमूटभर साखर ठेवायची, हात जोडायची, ती साखर तोंडात टाकायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. मला वाटायचं, हाही त्यांच्या उपासाचाच काहीतरी प्रकार असेल. मला त्यातलं काय कळणार?

एकदा तिनं मलाही सुचवलं. "तू पण सांग ना उपास आहे म्हणून. कोण तपासायला येतंय?"

"माझ्या मायनं ऐकलं तर वसतिगृहात येऊन मारील मला," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती पलंगावर टेकली आणि बराच वेळ उठली नाही.

रविवारी बांधकामाला सुटी असली की आई यायची. धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. त्या रविवारी तिनं माझ्या मैत्रिणीला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "काहून वाळली गं तू एवढी?"

"उपास असतात ना मावशी."

"कितीक?"

तिनं वार सांगितले. आईनं ऐकून घेतलं. मग भाकरीचा एक चतकोर मोडून, त्यावर ठेचा ठेवून तिच्यापुढं धरला आणि म्हणाली, "आज तर रईवार हाय." भटजीच्या मुलीनं तो हातात घेतला आणि खाल्ला. दुसरा मागितला नाही, आईनं दिला तोही खाल्ला. तिच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. खाली फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा आई मला म्हणाली, "भूक लागली तर भूक म्हनावं. देवावर कशाला ढकलायचं? त्यानं काय वाईट केलंय आपलं?"

त्याच आठवड्यात माझी मैत्रीण प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. हातात काचेचं भांडं होतं, नशीब की त्यात नुसतं पाणी होतं. तिला खोलीवर आणलं तेव्हा ती छताकडं बघत शांतपणे म्हणाली, "हे सत्र संपलं की मी जाणार. काकांनी एक स्थळ आणलंय. ते लोक शिकू देणार नाहीत, पण दोन वेळचं आहे तिथं." मी खूप चिडले. तिच्यावर चिडले, तिच्या काकावर चिडले, पुस्तक उचलून भिंतीवर फेकलं. ती म्हणाली, "माझं आहे ते पुस्तक." मग मी ते उचलून आणलं.

या सगळ्याच्या आधीपासून शहरात विद्यार्थ्यांचे मोर्चे चालू होते. दुष्काळी तालुक्यांतल्या मुलामुलींच्या जेवणाचा खर्च सरकारनं उचलावा, अशी मागणी होती. क्रांती चौकातून दिल्ली गेटकडं आम्ही उन्हात चालत गेलो होतो. पुढं घोषणा द्यायला मी असायचे, आवाज होता ना. रस्त्यावरचे लोक बघायचे. एका दुकानदारानं विचारलं, "जेवन मांगने को मोर्चा?" मी म्हटलं, "हां चाचा, जेवन मांगने को." त्यानं दुकानातून पाण्याची घागर बाहेर आणून ठेवली आणि मागच्या मुलांना ओंजळीनं पाणी पाजत राहिला.

शेवटी सरकार कबूल झालं. वसतिगृहांना दोन्ही वेळच्या जेवणाचा पैसा मिळणार होता. फक्त कॉलेजांनी आपली गरज कळवायची होती, किती ताटं, कोणत्या वेळेला. आम्ही त्या संध्याकाळी गाणी म्हटली. माझ्या मैत्रिणीनं काकांना होकाराचं पत्र लिहायचं थांबवलं. ती म्हणाली, "बघू या." तिच्या तोंडून हे दोन शब्द ऐकून मला मोर्चा जिंकल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मग तपासणीला सरकारी साहेब आले. कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. प्राचार्य, रेक्टरबाई, साहेब, हार, नारळ, सगळं रीतसर. विद्यार्थिनींतर्फे आभार मानायला माझ्या मैत्रिणीला निवडलं होतं, कारण तिचे उच्चार शुद्ध. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले आणि मागच्या रांगेत बसले.

साहेबांनी कॉलेजनं कळवलेली गरज वाचून दाखवली. दुपारचं जेवण, सगळ्या मुलींना, रोज. इथपर्यंत टाळ्या. संध्याकाळचं जेवण मात्र आठवड्यातले तीन दिवस निम्म्याच मुलींना. साहेबांनाही ते विचित्र वाटलं असावं. त्यांनी वर बघून विचारलं, "हे तीन दिवस असं का?"

रेक्टरबाई उठल्या. त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. "साहेब, सोमवार, गुरुवार आणि शनिवार आमच्या मुलींचे उपास असतात. मी स्वतः बघते ना रोज. सरकारी पैसा आहे, उगाच वाया कशाला घालवायचा? जेवढं लागतं तेवढंच मागितलंय." साहेबांनी मान डोलावली. असं प्रामाणिक वसतिगृह त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे.

आम्ही उन्हातून चाललो, घसा फोडला, सरकारला वाकवलं, आणि आमचं अर्धं जेवण आमच्याच रेक्टरनं परत देऊन टाकलं, तेही कौतुक करत. मी उभी राहिले.

"साहेब, मी बौद्ध आहे. मी उपास करत नाही. तरी संध्याकाळी माझं ताट नसतं. मग मला यात कुठं धरलंय?"

प्राचार्य म्हणाले, "बस खाली. नंतर भेट."

"नंतर कशाला, आत्ता जेवणाचं चाललंय तर आत्ताच विचारते."

साहेब समजुतीनं म्हणाले, "बाळ, तुझी एकटीची अडचण असेल तर वेगळा विचार करता येईल."

"एकटीची नाही," मी म्हटलं आणि पुढच्या रांगांकडं बघितलं. सगळ्या मुली बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. ओढण्या सारख्या केल्या, नखं बघितली. एकही उठली नाही. त्या क्षणी मला त्यांचा साहेबापेक्षा जास्त राग आला. जिन्यात मला गाठणारी तर तोंडावर रुमाल धरून बसली होती. मी उभीच राहिले. बसले असते तर तो विषय तिथंच मिटला असता.

प्राचार्यांनी घाईघाईनं माईक माझ्या मैत्रिणीकडं दिला. आभार मानून टाक आणि संपव, असा तो हात होता. ती उठली. तिनं साडीचा पदर सारखा केला, माईक जवळ घेतला आणि त्या शुद्ध उच्चारांत बोलायला लागली.

"मी आभार मानणार आहे. पण आधी एक चूक सांगते. सोमवारचा उपास संध्याकाळी सोडतात. गुरुवारचा आणि शनिवारचाही. दिवसभर काही खायचं नाही आणि दिवे लागले की पोटभर जेवायचं, अशी रीत आहे. माझे वडील पुजारी आहेत, मला यात शिकवायला नको. उपास करणाऱ्या मुलीला त्या दिवशी दुपारचं ताट लागत नाही, संध्याकाळचंच लागतं. आपल्याकडं दुपारी जवळजवळ सगळी ताटं उठतात आणि संध्याकाळी निम्म्या मुली येत नाहीत. असा उपास कुठल्याच देवाचा नाही."

साहेबांनी हातातला कागद पुन्हा वाचायला घेतला.

"अगं, पण तू तर खरंच करतेस," रेक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"करते बाई. पण सोडायला माझ्याकडं कूपन नसतं. मी साखर खाते आणि झोपते." मग ती त्यांच्याकडं वळली. "तुम्हीही सोमवार करता. दिवे लागले की जेवता. तुमचं ताट मीच कितीदा वाढलंय."

हे ती टोचून बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. रेक्टरबाई वीस वर्षांपासून सोमवार करत असतील, दर सोमवारी संध्याकाळी जेवून उपास सोडत असतील, आणि समोरच्या रिकाम्या बाकांकडं बघून त्यांना हे एकदाही सुचलं नव्हतं. आता सुचलं. त्या खुर्चीवर बसल्या, पुन्हा उठल्या. तेवढ्यात रुमालवालीनं रुमाल काढला आणि बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माझंही तसंच आहे." मग दुसरीकडून कुणीतरी, मग तिसरीकडून. कुणी रडलं नाही. सगळ्यांचे आवाज भांडायला निघाल्यासारखे होते, आणि मला ते फार आवडलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मग मुलींनी हे आधी का नाही सांगितलं?"

मी अजून उभीच होते. "साहेब, तुम्ही घरी जेवायला बसता तेव्हा आधी भूक लागल्याचं सांगावं लागतं का? ताट वाढलेलंच असतं ना?"

प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझ्या तिसऱ्या वर्षाचं काय होणार ते मला तिथंच दिसलं. पण रेक्टरबाई मध्ये आल्या. "साहेब, आकडा बदला. चूक माझी आहे. दोन्ही वेळ, सगळ्या मुली, रोज." त्यांना ते म्हणायला किती जड गेलं असेल हे मला आता कळतं. तेव्हा मी मनात म्हटलं, उशिरा का होईना सुचलं.

पैसा आला तो रखडत आला, पण पूर्ण आला. कूपनं बंद झाली. पहिल्या दिवशी फोटो काढायला माणूस आला आणि मुलींनी ताट पुढं धरून वर बघून हसावं, असं सांगू लागला. एकीनंही वर बघितलं नाही. त्या फोटोत सगळ्या मुली मान खाली घालून जेवताहेत. लाजून नव्हे, जेवण गरम होतं.

आमच्या एका प्राध्यापकांना हे सोसलं नाही. स्टाफरूमच्या दारात ते म्हणाले, "फुकट खायची सवय लागते मग." मला ते ऐकू जावं म्हणूनच म्हणाले असणार. मी थांबले आणि विचारलं, "सर, तुमचा पगार कुणाच्या पैशातून येतो? माझी आई काडेपेटी घेते त्यावरही कर भरते." ते आत निघून गेले. अशी माणसं मला पुढंही खूप भेटली, अजून भेटतात. शिकणाऱ्या पोरांना जेवायला घालायचं म्हटलं की त्यांना एकदम राज्याच्या तिजोरीची काळजी वाटायला लागते. उड्डाणपुलाच्या वेळी ही काळजी कुठं जाते, ते मला अजून कळलेलं नाही. मी प्रत्येकाशी भांडते. माझा आवाज अजून तसाच आहे.

संध्याकाळचं जेवण सुरू झालं त्यानंतरच्या सोमवारी माझी मैत्रीण दुपारी भोजनालयात आलीच नाही. मी तिचा शोध घेत खोलीवर गेले. ती पुस्तक उघडून बसली होती. काकांना तिनं स्थळाला नकार कळवला होता, पुढच्या वर्षाची पुस्तकंही कुणाकडून तरी आणली होती.

"जेवायला का नाही आलीस?"

"आज सोमवार आहे."

मी भडकले. एवढं सगळं झाल्यावर परत तेच? आता कुणापासून लपवायचं होतं? मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, आज खरा आहे," ती म्हणाली. "आता सोडायला ताट आहे ना."

"मला तुझी व्रतं पटत नाहीत."

"तुला कुठं करायला सांगते मी?"

दिवे लागल्यावर आम्ही दोघी खाली गेलो आणि एकाच बाकावर बसलो. मी नेहमीसारखी जेवले, ती उपास सोडायला बसली. पोळ्या संपवून तिनं ताट उचललं, वाढणाऱ्या मावशींपुढं धरलं आणि भात घेतला. थोड्या वेळानं ती पुन्हा उठली. पलीकडं रेक्टरबाई जेवत होत्या, त्यांच्या देखत तिनं ताट पुढं केलं, आणि दुसऱ्यांदा भात मागताना आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.